झोळीचा दांडा आणि आजारी भोपळा

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे. नवापूरच्या डोंगरात एका कुडाच्या घराच्या वळचणीला मी आडवा टांगलेला असतो. माझ्या अंगावर दोरीचे वळ पडले आहेत आणि दोन्ही टोके माणसांच्या खांद्यांनी गुळगुळीत झाली आहेत. मला पाहून कोणी थांबत नाही. तुम्ही थांबलात, म्हणून सांगतो.

मी भरीव बांबू. कीड लागू नये म्हणून मला अंधाऱ्या पंधरवड्यात तोडले, आगीवर शेकून सरळ केले आणि मोहाच्या बियांचे तेल पाजले. हे सारे या घरच्या रायसिंगने केले. तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. खाली चिंचपाड्याला आगगाडी थांबे, पण आमच्या पाड्यावर बैलगाडीही चढत नसे. कोणी आजारी पडले की घोंगडीची झोळी करून माझ्यावर बांधायची आणि दोघांनी मला खांद्यावर घेऊन खालच्या दवाखान्यापर्यंत डोंगर उतरायचा.

झोळी नेण्याची एक रीत असते. मागच्याला वाट दिसत नाही, म्हणून पुढचा ओरडून सांगतो, "दगड!" मागचा म्हणतो, "हो!" पुढचा म्हणतो, "पाणी!" मागचा म्हणतो, "हो!" आपल्या पायांकडे कोणी पाहायचे नाही. पुढच्याचा डावा पाय पडला की मागच्याने उजवा टाकायचा, नाहीतर झोळी हिंदकळते आणि रोग्याचे हाल होतात. पुढे नेहमी रायसिंग असे आणि मागे त्याचा शेजारी होळ्या. बाळंतिणी, तापाने फणफणलेले, झाडावरून पडलेले, असे कितीतरी जण आम्ही पोचवले. लोक रायसिंगचे नाव घेत, आणि कधीकधी माझ्यावरूनही हात फिरवत.

मग एकदा नागलीच्या शेतात रायसिंगच कोसळला. त्याच्या अंगावरून वारे गेले. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, तोंड वाकडे झाले. होळ्याने त्याला माझ्यावरच बांधून दवाखान्यात नेले. काही दिवसांनी त्याची जीभ वळू लागली, हात थोडा हलू लागला. आधार दिला तर तो उभा राही, पण पाऊल उचलत नसे. तिथली नर्स सुसाना याच डोंगरातली होती. तिने रायसिंगच्या बायकोला, गंगीबाईला, बजावले, "याला रोज उभा कर, बाई. नुसता खाटेवर ठेवलास तर पाय चालणं विसरून जाईल."

पण पाड्याची माया आडवी आली. लोक म्हणाले, "यानं आम्हा सगळ्यांना उचललं. आता आम्ही याला उचलू." नदीवर जायचे तर झोळी, शेत पाहायचे तर झोळी. जमिनीला पाय टेकवायची त्याला वेळच येईना. सगळे प्रेमानेच करत होते, पण झोळीत रायसिंग दिवसेंदिवस गप्प होत गेला. त्याचा भार मला कळत होता. तो अंगाचा नव्हता.

एका सकाळी तो म्हणाला, "गंगे, मी माणूस आहे की ओझं?"

गंगीबाई उठली. तिने मला वळचणीतून काढले, झोळी बांधली आणि तिच्यात एक मोठा भोपळा ठेवला.

"ऊठ. रोगी न्यायचा आहे."

"कोण रोगी?"

"हा. पोटात दुखतंय त्याच्या."

रायसिंगचे वाकडे तोंड हसून आणखी वाकडे झाले. "मागे होळ्या लागतो."

"होळ्या नागली कापतोय. आज मागे तू."

तिने त्याला उभे केले आणि माझे मागचे टोक त्याच्या डाव्या, चांगल्या खांद्यावर ठेवले. पुढचे स्वतः घेतले. तिच्या पायांत वाळे होते. डाव्या पायातला वाळा वाजला की त्याने उजवा पाय टाकायचा. पहिल्या दिवशी पाय नुसता फरफटला. तो सारखा खाली बघे आणि अडखळे.

"पायाकडे बघतोस? झोळीवाला आहेस की कोंबडी राखणारा?" गंगीबाई पुढूनच ओरडे. "दगड!"

"हो!"

हळूहळू अंगण झाले, मग बांध झाला, मग ओढ्यापर्यंतची वाट. येणारेजाणारे विचारत, "कोण आजारी?" गंगीबाई म्हणे, "भोपळा." सारा पाडा हसे, आणि सगळ्यांत मोठ्याने रायसिंग.

एकदा मात्र ओढ्याच्या काठावर तो घसरून पडला. भोपळा गडगडत पाण्यात गेला. होळ्या धावत आला आणि त्याला उचलायला वाकला.

"हात लावू नको, होळ्या."

"वहिनी, माणूस पडलाय!"

"म्हणूनच सांगते."

"राहू दे, गंगे," रायसिंग म्हणाला. "मला घाल झोळीत. संपलं."

गंगीबाई काठावर बसली. "भोपळा पाण्यात गेलाय. रोगी टाकून तू कधी घरी आलास का?"

रायसिंगने चिखलातूनच पाण्यात हेलकावणाऱ्या भोपळ्याकडे पाहिले. मग त्याने माझे टोक धरले. होळ्याने दुसरे टोक घट्ट रोवले. मी वाकलो, पण मोडलो नाही. तो उठला.

पुढच्या पावसाळ्यात होळ्याला ताप भरला. झोळी उचलणारे दोघे नवे होते आणि ओढा फुगायला लागला होता. रायसिंगला आता भार घेणे जमणार नव्हते. तो काठी टेकत, उजवा पाय ओढत झोळीच्या पुढे निघाला. त्याच्या चालीने सगळे चालले. "दगड!" तो ओरडला. मागून दोघे म्हणाले, "हो!" "पाणी!" "हो!"

ओढा पार झाला तेव्हा झोळीतून बारीक आवाज आला, "दादा, मी भोपळ्यापेक्षा जड आहे का?"

"भोपळा गप्प बसायचा," रायसिंग म्हणाला.

होळ्या बरा होऊन आला. आता गाडीरस्ता झाला आहे आणि मला क्वचितच कोणी खाली काढते. माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात कोणी असे पडले, तर त्याला उचलायची घाई करू नका. माझे एक टोक त्याच्या खांद्यावर द्या, दुसरे तुम्ही धरा आणि पुढची वाट मोठ्याने सांगा. मागून "हो" येईपर्यंत थांबा.