सगळ्या नावांचे एकच बोट

मी एक जुनी बटणाची पेटी आहे. परभणीच्या एका महाविद्यालयात मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत राहते. दारावरच्या घंटीचे लाल बटण, सागवानी खोके आणि पोटात दर दाबाची वेळ टिपून ठेवणारे एक घड्याळ, एवढाच माझा संसार.

मित्रांनो, माझे काम ऐकून तुम्हाला हसू येईल. माणसाने बटण दाबत राहायचे, पण ताल न धरता. दोन दाबांमधला वेळ कधी थोडा, कधी पुष्कळ, कसाही. हा बेतालपणा माणसाला कितपत साधतो, हे मी मोजते. करून पाहा. कोणालाच धड जमत नाही. थोड्याच वेळात बोट आपली खोड दाखवते, आणि प्रत्येकाची खोड वेगळी असते.

मला खरे काम दिले ते निकिताने. एम.ए.च्या प्रकल्पासाठी निरनिराळ्या माणसांची बोटे मोजायला ती मला ओढणीत गुंडाळून एसटीने पाथरीला, पेडगावला नेत असे. पेडगावच्या चतुराबाई बटण दाबता दाबता थांबल्या आणि म्हणाल्या, "म्या लय ठरवलं, पण हात त्याच्याच मनानं चालायलाय." निकिता खुदकन हसली. ते माझे सुखाचे दिवस होते. तिला मात्र धास्ती होती. यंदा एम.ए. झाली तर नोकरी, नाही तर लग्न, असे तिच्या वडिलांनी, माणिकरावांनी, बजावले होते.

तिच्याच वर्गातल्या शंतनुने कुठे जायचे कष्ट घेतले नाहीत. एका दुपारी पंख्याखाली बसून, मोबाइल बघत, आपल्या यादीतल्या सगळ्या माणसांच्या नावांनी त्याने एकट्यानेच मला दाबले. वर्गातली चार पोरे शेजारी उभी राहून पाहत होती.

प्रकल्पाला गुण देणाऱ्या सरांनी दोघांचे आकडे तपासले. शंतनुचे सगळे एकसारखे, म्हणून त्याला शाबासकी. बेतालपणा मोजायच्या प्रयोगात एकसारखेपणाला शाबासकी! निकिताचे माणसागणिक निराळे. यात काही मेळ नाही, पुढच्या वर्षी पुन्हा कर, असे तिला सांगितले.

"सर, ह्याच्या सगळ्या नावांमागं एकच बोट हाय," निकिता म्हणाली.

कोणी पाहिले का, असे सरांनी वर्गाला विचारले. ती चारही पोरे आपल्या चपलांकडे बघत राहिली. पुरावा माझ्या पोटात होता, पण मला विचारतो कोण?

निकिताचे पुढचे वर्ष आलेच नाही. तिचे लग्न लागले. त्या चौघांनी अक्षता टाकल्या आणि पोटभर जेवले. शंतनु आता इथेच शिकवतो. मला रोज फडक्याने पुसतो. त्याचा हात लागला की मला किळस येते.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला खुशाल भंगारात द्या. पण तुमच्यातली एखादी मुलगी खरे बोलायला उभी राहिली, तर खाली बघू नका. मी लाकडाची, म्हणून गप्प राहिले. तुम्हाला तोंड आहे.