शुद्धलेखन तेवढं खरं

मी चिठ्ठी बोलतेय. सीबीडी तेलाच्या छोट्या काळ्या बाटलीला डकवलेली. लोक मला लेबल म्हणतात, पण लेबल पडलं नपुंसकलिंगी. मग 'मी बोलतंय' असं म्हणावं लागेल, आणि ते काही माझ्या जिभेवर बसत नाही. तेव्हा चिठ्ठीच बरी. आणि आधीच सांगून टाकते, मी काही मिरवायला बोलत नाहीये. मला लाज वाटतेय म्हणून बोलतेय.

छापखान्यात आम्हा बहिणींचं भलं मोठं रीळ होतं. सगळ्यांच्या अंगावर एकच मजकूर, आणि खाली सीबीडी या भांगेतल्या द्रव्याच्या प्रमाणाचा एकच आकडा. 'शुद्ध आणि नैसर्गिक. भांगेच्या झाडापासून, तरी नशा आणणारा अंश शून्य. हे औषध नव्हे, निसर्गाची देणगी. सांधेदुखी, निद्रानाश, चिंता यांवर गुणकारी. कोणतेही दुष्परिणाम नाहीत.' औषध नव्हे म्हणायचं आणि पुढच्याच ओळीत आजार मोजायचे! पण तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सोनेरी कडा होती, हिरवं पान होतं, मी आपली खुशीत होते.

मग मला बाटलीला चिकटवलं. पाठीला गार काच लागली, एवढंच कळलं. आत खरोखर काय आहे, किती आहे, हे मला कोणी सांगितलं नाही. ज्यांनी चिकटवलं त्यांनाही ते ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

माझे मालक म्हणजे वेलांटीकाका. जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासत बसलेला माणूस. निवृत्त झाले तरी डोळे काही निवृत्त झाले नाहीत. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्वाचं दीर्घ दिसलं की आत शिरून मालकाला सांगणार. हॉटेलात गेले की आधी मेनूकार्ड सुधारणार. काकू म्हणायच्या, "अहो, आधी मागवा तरी! भुकेनं जीव चाललाय, आणि तुमचं आपलं काना-मात्रा चाललंय." काका हसायचे, पण हातातलं पेन खाली ठेवायचे नाहीत.

या माणसाची एक श्रद्धा होती. "छापलंय म्हणजे कोणीतरी तपासलंय," ते म्हणायचे. त्यांनी स्वतः आयुष्यभर तपासलं होतं ना! जगात प्रत्येक छापील ओळीमागे आपल्यासारखाच कोणीतरी चष्मा लावून बसलाय, असं त्यांना मनापासून वाटायचं.

काकूंचे गुडघे दुखायचे. फार दुखायचे, जिना उतरताना दर पायरीला 'आई गं' निघायचं. शिवाय त्यांच्या हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी रोजची आणि दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या वर्ज्य. म्हणून काकांनी शोधून शोधून हे तेल आणलं. ती पहिली बाटली म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्यावर 'दुष्परीणाम' असं छापलं होतं. री दीर्घ! काकांचा जीव खालीवर. त्यांनी थेट कंपनीला फोन लावला.

"अहो ताई, परिणाममधली रि ऱ्हस्व असते."

"हो का? सॉरी हं काका, लगेच सांगते वरती," पलीकडची मुलगी म्हणाली.

आणि खरंच झालं की हो! नवीन रीळ छापलं गेलं, आणि त्यातली एक बाटली कंपनीनं काकांना भेट म्हणून धाडली. ती मी. म्हणजे पाहायला गेलं तर माझा जन्मच काकांच्या फोनमुळे. त्यांनी मला खिडकीजवळ नेऊन उजेडात वाचलं आणि काकूंना हाक मारली.

"अगं, बघ! एका फोनवर दुरुस्त केलं. वेलांटीची एवढी काळजी घेणारी माणसं तेलात काय कमी करणार आहेत?"

काय अभिमानानं धरलं होतं मला त्यांनी! मीही फुलून गेले होते. आता आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पहिल्या बाटलीनं काकूंना बरं वाटत होतं. रोज सकाळी त्या पलंगाच्या कडेला बसून जीभ वर करायच्या आणि काका चष्मा सावरत थेंब सोडायचे. मग दोघं तिथंच बोलत बसायची, चहा गार होईपर्यंत. काकू जिना न कण्हता उतरायला लागल्या. काकांनी वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनाही कौतुकानं सांगितलं, "घ्या बिनधास्त. मी अक्षरन् अक्षर वाचलंय."

मग माझी बाटली उघडली. थेंब तेवढेच, पण काकू दिवसा पेंगायला लागल्या. दंडावर निळे डाग दिसले. "कुठं आपटलीस गं?" काकांनी विचारलं. "मला मेलीला काय आठवतंय!" दात घासताना रक्त आलं, तर ब्रशला दोष देऊन मोकळ्या झाल्या. आणि एका सकाळी नाश्त्याला बसल्या असताना नाकातून रक्त सुरू झालं, ते थांबेचना. एक टॉवेल भिजला, मग दुसरा. काका नुसते "अगं, अगं" करत राहिले. मी फडताळावर होते. कोणतेही दुष्परिणाम नाहीत, असं अंगावर मिरवत उभी होते.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "रक्त फारच पातळ झालंय. गोळी चुकून जास्त घेतलीत का?"

"छे हो, मी स्वतः देतो," काका म्हणाले.

"आणखी कुठलं औषध?"

"नाही."

डोक्यात रक्तस्राव झाला तर सगळं हाताबाहेर जाईल, असं त्या म्हणाल्या. पुन्हा विचारलं. काका पुन्हा नाहीच म्हणाले. खोटं बोलत नव्हता हो तो माणूस! त्यांच्या लेखी औषध म्हणजे औषध आणि तेल म्हणजे तेल. मी त्यांच्या पिशवीतच होते, थेंबांची वेळ चुकू नये म्हणून आणलेली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण माझ्या तोंडी दुसऱ्यांचे शब्द. आपलं म्हणून एक अक्षर नाही.

शेवटी काकूच खोल गेलेल्या आवाजात म्हणाल्या, "अहो, ते तेल दाखवा ना त्यांना."

काकांनी मला बाहेर काढलं. "हे औषध नाही, डॉक्टर. वाचा ना, स्पष्ट छापलंय."

डॉक्टरीणबाईंनी मला वाचलं. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "छापलंय ते दिसतंय मला. पण हे तपासलं कोणी?"

काकांनी मला पुन्हा एकदा पाहिलं. कंपनीचा फोन, ती मुलगी, ती ऱ्हस्व रि, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं.

"मी," ते म्हणाले.

तो एवढासा 'मी' ऐकून धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

काकूंवर लगेच उपचार झाले आणि त्या वाचल्या. बाई म्हणाल्या, तेल आणि गोळी दोघांची यकृतातली वाट एकच. तेल वाट अडवून बसलं आणि गोळी अंगात साचत गेली. त्यांनी माझ्यातलं आणि घरून मागवलेल्या थोरलीतलं थोडं तेल प्रयोगशाळेत पाठवलं. थोरलीच्या तळाशी उरलेल्या तेलात सीबीडी जवळजवळ नव्हतंच. माझ्यात लिहिल्याच्या कितीतरी पट होतं. वर नशेचा अंशही होता, माझ्या अंगावरच्या शून्याला न जुमानता. दोघींवर आकडा मात्र एकच. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

"पहिल्यात काहीच नव्हतं, तर माझे गुडघे कसे हो थांबले?" काकूंनी विचारलं.

"विश्वासानंही दुखणं कमी वाटतं," बाई म्हणाल्या. "फिट येण्याच्या काही आजारांत याच पदार्थाचं शुद्ध केलेलं औषध आम्ही देतो, पण मोजून, रक्त तपासत. गुडघ्यांचं ठाम सांगावं इतकं अजून कोणाच्या हाती आलेलं नाही."

काकूंनी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही.

घरी आल्यावर काकूंना निजवून काका मला मुठीत घेऊन जिना चढले. मास्तरांनी हसत दार उघडलं.

"या या! तुमचं तेल झकास हो. मी आईलाही सुरू केलंय."

काकांनी घाईनं विचारलं, "आईंना कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"चिकार आहेत. पण हे कुठं औषध आहे!"

"डॉक्टरांना विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? तुम्ही अक्षरन् अक्षर वाचलंय म्हणालात. मग मी कशाला वाचू?"

काकांनी दाराची चौकट धरली. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात आयुष्य गेलेला माणूस.

"मास्तर, मी वाचलं नव्हतं हो," ते म्हणाले. "मी फक्त शुद्धलेखन बघितलं होतं. आधी आत जा आणि आईंचं तेल थांबवा."

मास्तर तसेच आत धावले. आत त्यांच्या आईचा आवाज आला, "अरे, आत्ताच तर घेतलं मी!" मग मास्तर डॉक्टरांचा नंबर शोधू लागले आणि काका उंबऱ्यावर तसेच उभे राहिले. त्यांच्या हाताला घाम आला होता. माझी सोनेरी कडा ओली होऊन सुटत होती.

आता मी काकांच्या टेबलावर असते. फोन आला की ते दचकतात. मास्तरांच्या आईंच्या रक्ताचा निकाल अजून यायचाय.

बाबांनो, माझ्या बहिणी तुमच्याही घरी असतील, गोऱ्यागोमट्या, पान-फुलं ल्यालेल्या. त्यांना वाचा, पण त्यांचं ऐकू नका. आतलं कोणी तपासलं ते विचारा. आणि डॉक्टरांनी औषधं विचारली की तेलही सांगा. एवढं कराल, तर मला भिंतीकडे तोंड करून ठेवलंत तरी चालेल.