बुजलेला

इंग्रजांच्या पलटणीतून गेलेला सिद्धनाथ समुद्रापारच्या बसऱ्याच्या लढाईहून आला तो दोन्ही हातापायांनी धडधाकट आला आणि लोकांना तेवढंच दिसलं. मग बिरोबाच्या जत्रेत दारू ठासलेली उखळी तोफेसारखी उडाली, तसा हा गडी भर गर्दीत पालथा पडला. केराबाईचा लेक भेकड निघाला, ही बातमी सांगोल्यापर्यंत गेली. असल्या बातम्यांना पाय फुटायला कितीसा वेळ लागतो.

मेंढरांच्या पुढं चालायचा मान सिद्धनाथच्या बापाचा. बाप वारला, तेव्हा तो लेकाकडं यायला हवा होता. पण कळपाचा कारभारी चुलता ज्ञानबा. त्यानं स्पष्ट सांगितलं, सोलापूरच्या बाजारापर्यंत सिद्धनाथ पुढं चालेल. पुन्हा तसं काही झालं तर म्होरक्याची काठी माझ्या लेकाच्या, येडूच्या हातात. केराबाई पदर खोचून कळपाबरोबर निघाली.

वाट सगळी नीट सरली. सोलापुरात शिरताना मात्र गिरणीचा भोंगा झाला आणि सिद्धनाथ डोकं हातांत धरून रस्त्यात आडवा झाला. मेंढरं थबकली. मागून मोटार आली, ड्रायव्हर भोंपू वाजवू लागला. येडूनं पडलेली काठी उचलली.

केराबाई लेकाशेजारी धुळीत बसली. तिनं हाक मारली नाही, हात धरून ओढलं नाही, नुसती अंगाला अंग लावून बसली.

“वैनी, उठवा की त्याला. लोकं हसत्यात,” ज्ञानबा म्हणाला.

“भावजी, लांडग्याच्या तोंडातनं सुटल्याली मेंढी पाचोळा वाजला तरी खाली बसती. तिला तुमी काय म्हंता?”

“बुजल्याली म्हंतो.”

“भेकड न्हाय म्हनत?”

“भेकड कशी? लांडग्याचं तोंड बघून आल्याली असती ती.”

“मग माज्या लेकाला निराळा शबुद कशापायी?”

ज्ञानबाचा चेहरा उतरला. जत्रेत पहिला हसला होता तो हाच. बुजलेल्या मेंढीला ओढायचं नसतं, ती आपली आपण उठेपर्यंत कळप थांबतो, हे येडूला शिकवणाराही हाच. तो मागं गेला आणि मोटारीच्या तोंडाशी उभा राहिला.

“दम धरा,” तो ड्रायव्हरला म्हणाला. “आमचा म्होरक्या बसलाय.”

मोटारीमागं टांगे खोळंबले, बैलगाड्या खोळंबल्या. ज्ञानबा जागचा हलला नाही. धुळीत बसलेल्या केराबाईची मान त्या दिवशी अशी ताठ होती, की पाहणाऱ्यानं पाहत राहावं. बऱ्याच वेळानं सिद्धनाथ उठला. येडूनं काठी त्याच्या हातात दिली आणि स्वतः त्याच्या मागं चालू लागला.