शिजलेलं बी

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला जायच्या आदल्या दिवशी पंचफुलाबाईने धाकट्या जावेला, प्रेमलताला, चुलीजवळ बसवून घेतलं आणि तिच्या हातात एक ओली पुरचुंडी ठेवली.

"डांगराचं बी हाय. माह्या मायच्या घरचं."

दोघी जावा सौंसरजवळच्या एकाच आवारात राहत होत्या. चुली वेगळ्या, विहीर एक. दर जानेवारीत पंचफुलाबाई विहिरीजवळच्या वाफ्यात डांगर, म्हणजे खरबूज, लावायची. एप्रिलमध्ये त्या फळांचा वास रस्त्यापर्यंत यायचा. दुकानातल्या बियाण्याचं फळ मोठं व्हायचं, पण असा वास त्याला नव्हता.

थंडीत हे बी मातीत नुसतं टाकलं तर कुजून जातं. म्हणून पंचफुलाबाई ते आधी कोमट पाण्यात भिजवायची, सुती फडक्यात बांधायची, वरून एरंडीची पानं गुंडाळायची आणि कुटार, म्हणजे भुसा, भरलेल्या डब्यात खुपसून चुलीच्या ओट्यावर ठेवायची. चार-पाच दिवसांत पांढरे कोंब फुटत.

"दिवसातून दोनदा हात लावून पाह्यजो," तिने बजावलं. "खुडूक कोंबडीच्या पोटाखाली कसं ऊन लागते, तेवढंच पाह्यजे. जास्त नाई, कमी नाई. अर्धं बी माह्या भावाले, लोधीखेड्याच्या गुलाबभाऊले देल्लं, अर्धं हे. दुसरं नाई माह्यापाशी."

"तुमी बिनघोर जा बाई," प्रेमलता म्हणाली.

दोन दिवस तिने नीट पाहिलं. तिसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला चुलतबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. संध्याकाळपर्यंत परत येते म्हणून ती गेली, पण बहिणीने आग्रह केला आणि ती राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आली तेव्हा चूल विझलेली आणि डबा गार पडलेला होता. पुरचुंडी हाताला बर्फासारखी लागली.

ती घाबरली. आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत लाकडं पेटवून तिने पाण्याचा गंज चढवला आणि त्याच्या झाकणावर तो डबा ठेवला. पाचच मिनिटं, तिने ठरवलं. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. साखरपुड्याला कोण काय बोललं, कोण रुसलं, हे निघालं आणि अर्धा तास गेला. आत आली तेव्हा गंजातलं पाणी खदखदत होतं आणि डब्यातून वाफ निघत होती.

तिने फडकं सोडलं. बी फुगलं होतं. एक दाणा चिमटीत दाबला तर भाताच्या शितासारखा चपटा झाला.

तिने पुरचुंडी पुन्हा बांधली, नवी पानं गुंडाळली आणि डबा होता तसाच ओट्यावर ठेवून दिला.

पंचफुलाबाई काळा चष्मा लावून परत आली. दोन दिवसांनी तिने फडकं उघडलं, नाकाशी नेलं.

"वास मारून राह्यलं वं. एकालेही कोंब नाई."

"बी जुनं झालं असन बाई," प्रेमलता म्हणाली. तिला वाटलं, विषय इथेच संपेल.

पंचफुलाबाईने फडकं पुन्हा गुंडाळलं. मग म्हणाली, "जुनं नाई. माहीच चुकी हाय. मागल्या साली मले दिसत नोतं ना धड. कच्चं फळ बियाले ठेवलं वाटते. आंधळ्यावानी हात फिरवला अन् तोडलं."

प्रेमलताने ती पुरचुंडी उचलली आणि उकिरड्यावर नेऊन टाकली.

ऑपरेशन झालेल्या डोळ्यात दिवसातून चार वेळा औषध टाकायचं काम प्रेमलताकडेच होतं. पंचफुलाबाई बाजेवर उताणी पडायची, तोंड वर करायची आणि निमूट थांबायची. थेंब पडताना "हळू वं," एवढंच ती म्हणायची. आणि उठून बसली की पुन्हा तेच, की माय असती तर तिने बी असं वाया जाऊ दिलं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पंचफुलाबाईने गुलाबभाऊला फोन लावला. प्रेमलता अंगणात भांडी घासत होती.

"ते डांगराचं बी लावू नको भाऊ. मेलं हाय. तुही रेतीतली जागा वाया जाईन. दुकानातून आण."

प्रेमलताच्या हातातली राख तशीच राहिली. गुलाबभाऊ कन्हान नदीच्या रेतीत डांगराची वाडी करायचा. त्याच्याकडचं बी चांगलं होतं. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. पण पंचफुलाबाईचा नवरा कवडू दारात उभा होता, आणि त्याच्यासमोर तिची जीभ उचलली नाही. तिने भांडी धुतली, स्वयंपाक केला. तो दिवस तसाच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सौंसरला काम आहे असं सांगून ती लोधीखेड्याच्या बसमध्ये बसली.

गुलाबभाऊ ओसरीत दोरी वळत होता. प्रेमलताने बी मागितलं.

"मेलं बी कायले पाह्यजे तुमाले?" त्याने विचारलं.

"मेलं नाई ते, भाऊ. बाईंच्या वाट्याचं मी शिजवलं. अन् जुनं हाय म्हणून खोटं सांगितलं."

गुलाबभाऊचा हात थांबला. त्याची बायको अनुराधा दारात आली. तिचा चेहरा उतरला होता.

"काल फोन आला अन् मी भाजून टाकलं बाप्पा. वाया कायले घालवाचं म्हणून. पोरायनं खाल्लं."

तिने बी ठेवलेला डबा आणून उलटा केला. तळाला चिकटलेले अकरा दाणे निघाले. ते तिने कागदात बांधून दिले.

"तिले मी फोन करू का?" गुलाबभाऊने विचारलं.

"नाई. मी तोंडानं सांगतो."

घरी आली तेव्हा दुपारच्या औषधाची वेळ झाली होती. पंचफुलाबाई बाजेवर पडलेली होती. प्रेमलताने थेंब टाकले, बाटलीचं झाकण लावलं आणि मग सगळं सांगितलं. साखरपुडा, गंज, फोन, खोटं, भाजलेलं बी. पंचफुलाबाईचे डोळे मिटलेलेच होते. औषध की पाणी कळलं नाही, पण कानशिलाकडे ओघळ गेला.

"बी शिजलं, ते शिजलं," ती म्हणाली. "माह्याही हातून गेलं असतं. पण चार दिवस मी माह्याच हातावर शक घेऊन राह्यली, अन् तू पाहून राह्यली होती."

"बाई, मी..."

"कागद दे इकडे."

तिने उठून दाणे स्वतः भिजवले, फडक्यात बांधले आणि डबा स्वतःच्या बाजेखाली, निखाऱ्यांच्या शेगडीपासून हातभर लांब ठेवला. प्रेमलता रोज चार वेळा औषध टाकायला जायची. पंचफुलाबाई डोळा पुढे करायची, पण डब्याला हात लाव असं एकदाही म्हणाली नाही.

अकरापैकी चार दाण्यांना कोंब आले. एक रोप कोंबड्यांनी वाफ्यातून उकरून खाल्लं. तीन वेल राहिले.

एप्रिलमध्ये पहिलं फळ कापलं तेव्हा पंचफुलाबाईने मोठी फोड प्रेमलताच्या घरी आणून दिली. फोड गोड होती. बी मात्र तिने आधीच काढून घेतलं होतं. ते धुऊन सावलीत सुकवलं आणि त्याच्या दोन पुड्या केल्या, एक गुलाबभाऊसाठी, एक स्वतःसाठी.

प्रेमलता समोरच बसली होती. तिने मागितलं नाही.