अडतीस जण आणि एक बारसं

"अडतीस!" कॉम्प्युटरच्या पडद्यावरची यादी बघून पुंजाजी आहेर ओरडले. "मी एक खिडकी उघडलेली नाय, आन् मागं अडतीस जण कामावर! ह्यांना आत सोडलं कुणी?"

"मला काय विचारता? मी घुगऱ्या शिजत घातल्यात," स्वयंपाकघरातून त्यांची बायको आशाबाई म्हणाल्या.

पुंजाजींनी एकलहऱ्याच्या बाजूला एका ठेकेदाराकडे बत्तीस वर्षं टाइमकीपरी केली होती. हजेरी लावल्याशिवाय कुणी कामावर दिसला, तर ते त्याला फाटकाबाहेर काढत. दोन हजार सहा साली मुलगा रविराज टोरांटोला गेला आणि जाताना घरात कॉम्प्युटर बसवून गेला. तेव्हापासून पुंजाजी त्याचीच हजेरी घेत होते.

आज तर बारसं होतं. नात टोरांटोत, आणि नाव ठेवणारी आत्या, म्हणजे त्यांची मुलगी पल्लवी, इथे जेल रोडला. आत्यानं कानात जे सांगितलं ते नाव कायम, हा आहेरांचा कायदा. म्हणून संध्याकाळी साडेसातला पल्लवीनं इथल्या कॉम्प्युटरच्या माइकमध्ये नाव सांगायचं आणि तिकडे सून वेदिकानं बाळाच्या कानाला हेडफोन लावायचा, असं ठरलं होतं.

नाव फक्त बापलेकीला ठाऊक होतं. बया. पुंजाजींच्या आईचं. रविराजला विचारलं असतं तर त्यानं बावीस नावांची यादी पाठवली असती, म्हणून विचारलंच नव्हतं.

पण पाच वाजता तालीम केली तेव्हा चित्र अडकलं आणि नाव "ब... ब..." करत वाटेतच राहिलं. म्हणून ही झडती चालली होती. पुंजाजींनी कॉम्प्युटर विकणाऱ्या ललितला द्वारका चौकातल्या दुकानात फोन लावला.

"ललितशेठ, यात एक सिस्टिम आयडल नावाचा प्राणी आहे. नावातच आळशी, आन् सत्त्याण्णव टक्के खातोय! हाकलला तर जात नाय."

"काका, तो खात नाही. मशीन जेवढं रिकामं, तेवढा त्याचा आकडा. त्याला हात लावू नका."

जो काहीच करत नाही त्याला हात लावायचा नाही, हा नियम पुंजाजींना लगेच पटला.

"मग अडकतंय कशानं?"

"रविराजभाऊनं काहीबाही भरून ठेवलं असेल, ते मागं चालू राहतं. यादीत आपल्या नावासमोर जे आहेत, त्यातले नको असलेले बंद करा. सिस्टिम लिहिलंय ते सोडा. सोडाल ना?"

"बत्तीस वर्षं हेच केलंय मी."

गाणी उतरवणारा एक निघाला, तो गेला. कधी विकतच न घेतलेल्या प्रिंटरची वाट पाहणारा एक होता, तोही गेला. असं करत करत अडतीसचे एकतीस झाले. पुन्हा तालीम झाली, या वेळी नाव न घेता नुसतं हॅलो म्हणून; चित्र लोण्यासारखं सरकलं, आवाज खणखणीत आला. इथे दुसरा कोणी थांबला असता.

सात वीसला पुंजाजी पुन्हा यादीपुढे बसले.

"अण्णा, आता बास करा ना," पल्लवी म्हणाली.

"हे बघ. एसव्हीसीहोस्ट. एकाच नावाचे पाच! हजेरीपटावर एक नाव पाच वेळा आलं, की चार बोगस."

"सिस्टिम लिहिलंय तिथं."

"बोगस माणूस साहेबाच्याच नावावर घुसतो, बाई."

पाचांतला सगळ्यात जास्त जागा खाणारा लठ्ठ त्यांनी बंद केला. काहीच बिघडलं नाही. पडद्यावरच्या खिडक्यांची निळाई तेवढी जाऊन त्या जुनाट राखी झाल्या. पुंजाजींना ते साधेपण बरंच वाटलं.

साडेसातला चित्र आलं. वेदिकाच्या मांडीवर बाळ, कानाला हेडफोन. "कुर्र!" पल्लवी माइकमध्ये म्हणाली आणि मग हळूच नाव सांगितलं. आशाबाईंनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटा घातला. तिकडे वेदिका डोळे बारीक करून पाहत होती. मग तीच बाळाच्या कानाशी वाकली आणि काहीतरी बोलली. तिकडचे सगळे टाळ्या वाजवत होते. टाळ्यांचा आवाज मात्र येत नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला.

"अण्णा, इकडं आवाजच नव्हता!" रविराज म्हणाला. "पण वेदिकानं ताईचे ओठ बरोबर वाचले, लगेच कानात सांगून टाकलं. माया! काय नाव काढलंय ताईनं! आम्ही घाबरलो होतो, तुम्ही बया-बिया ठेवताय की काय."

पल्लवी बापाच्या तोंडाकडे बघत होती. "पोचलं ना अण्णा?"

"पोचलं," पुंजाजी म्हणाले. आणि फोनमध्ये, "हो. मायाच."

रिसीव्हर ठेवून ते पडद्यासमोर बसले. कोपऱ्यातल्या चौकटीत त्यांचाच चेहरा होता. आवाज न काढता त्यांनी एकदा बया म्हटलं, एकदा माया. ओठ दोन्ही वेळा सारखेच मिटले.

तिकडे बाळानं जांभई दिली. पुंजाजी पडद्याच्या आणखी जवळ सरकले आणि त्यांनी तिसऱ्यांदा ओठ हलवले, जरा सावकाश.