सदतीस नंबर अडखळतोय

"इमो, सदतीस नंबर अडखळतोय!" तेओ ओरडला आणि माझं डोकंच फिरलं.

आमच्या पीसी-बांगमध्ये, म्हणजे तासावर कॉम्प्युटर देणाऱ्या दुकानात, पोरं गेम खेळायला येतात आणि मला इमो, म्हणजे मावशी, म्हणतात. इथं नावं कोण लक्षात ठेवतंय? खुर्चीचा नंबर तेच नाव. सदतीस नंबर म्हणजे भिंतीकडेला बसणारी सेबोम, पॉलिटेक्निकची पोरगी. तिची जीभ अडखळते हे मला तिच्या संघातल्या पोरांकडून कळलं होतं. जीभ अडकली काय नि पडद्यावरचं चित्र अडकलं काय, आमच्याकडे शब्द एकच. मला वाटलं, हा मेला चारचौघांत तिची टिंगल करतोय. हातातला झारा घेऊनच मी स्वयंपाकघरातून बाहेर आले.

"तुझ्या जिभेला काही हाड आहे का रे? संघाचा कप्तान म्हणवतोस!"

"इमो, मशीन म्हणतोय मी, मशीन! झारा खाली ठेव आधी!"

सगळं दुकान खदाखदा हसलं. सेबोमचे कान मात्र लालबुंद झाले होते.

दोन वर्षं येत होती पोरगी, पण माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. बोलायचं कारणच काय? आमच्याकडे खाणं मागवायचं ते पडद्यावरच्या खिडकीतून. बोट दाबलं की मी राम्यॉनचा, रश्शातल्या नूडल्सचा, वाडगा नेऊन ठेवणार. ती मान लववायची, संपलं. मला आपली वाटायची शिष्ट. ह्यांच्याजवळ मी तिला महाराणी म्हणायचे.

मग या प्रकाराच्या महिनाभर आधी एका दुपारी मी अंडं तळत होते आणि आवाज आला. "थांबा. अजून थांबा. डावीकडून दोघं येतायत. येऊ दे... आता! तुटून पडा!" स्वच्छ, ठाम, जरासुद्धा घाई नाही. ही कोण बाई, म्हणून डोकावले, तर सेबोम! कानाला हेडफोन, डोळे पडद्यावर, आणि चार दांडगे पोरगे तिच्या शब्दासरशी धावतायत. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. अंडं जळलं ते जळलंच.

तेओनं सांगितलं, वर्गात तिला स्वतःचं नावसुद्धा धड सांगता येत नाही. फक्त इथं, गेम सुरू झाला आणि चित्र वाहायला लागलं की बोलणं आपोआप येतं. असं का होतं, ते डॉक्टरांना ठाऊक. मी फक्त ऐकलंय.

आणि आता तेच चित्र अडकायला लागलं होतं. चित्र अडकलं की तिचा आवाजही अडकायचा. "ड... ड... डा..." तोवर डावीकडचे येऊन पोरांना मारून गेलेले असायचे. शनिवारी दुपारी गुनसानच्या पॉलिटेक्निकशी सामना होता. ते त्यांच्या गावात बसून खेळणार, आमची पोरं इथं.

तेओ म्हणाला, "इमो, मी वाईट नाही गं. पण मशीन सुधारलं नाही तर हुकूम मी देणार. तिला या वेळी बाहेर बसवावं लागेल."

सेबोमनं ऐकलं. मान खाली घातली. जगात एका ठिकाणी त्या पोरीचं तोंड उघडत होतं, आणि तेही बंद व्हायची वेळ आली होती. मला ते बघवेना.

"अहो, उठा," मी ह्यांना म्हटलं. "दुरुस्त करा ते, काय वाटेल ते करून."

आमचे हे मशीनच्या कामात वाईट नाहीत, फक्त हट्टी आहेत. "हा कोपऱ्यातला आकडा बघ. सेकंदाला दोनशे चित्रं! लोण्यासारखं चालायला हवं." तरी त्यांनी धूळ काढली, केबल बदलल्या, दुसऱ्या मशीनचं ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं. तिला दुसऱ्या खुर्चीवरही बसवून पाहिलं. तिथंही तेच. सेबोम मान हलवायची, नाही, अजून आहे.

"नखरे आहेत पोरीचे," हे वैतागले. "मला तर काही दिसत नाही."

"तुम्हाला चष्म्याशिवाय ताटातला भात दिसत नाही. तुम्ही तिला नका सांगू!"

मग त्यांनी पडद्यावर एक रेघ लावली. एकेक चित्र यायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रेघ. ती सपाट हवी. होतीही सपाट, पण मध्येच एक टोक वर उसळायचं, पुन्हा सपाट, पुन्हा टोक. म्हणजे मोजायला गेलं तर चित्रं बरोब्बर दोनशे, पण एखादं उशिरा येणारं.

हे मला लगेच कळलं. आमच्या वॉर्डाच्या पथकात मी ढोल वाजवते. ठोके मोजून सगळे भरले तरी एक ठोका उशिरा पडला की नाचणाऱ्याचा पाय चुकतो. आणि ही पोरगी तो एक ठोका डोळ्यांनी पकडत होती, दोनशेतला एक! मी थक्क होऊन तिच्याकडे बघत राहिले. बोटं माझी आपोआप टेबलावर त्या टोकांचा ताल धरायला लागली.

ताल धरता धरता नजर शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पडद्यावर गेली. तिथं माझी तोक, तांदळाची वडी, नाचत होती. नुकताच चुसोकचा सुगीचा सण झाला, तेव्हा हौसेनं मागवण्याच्या खिडकीत घालून घेतलेलं चित्र ते. हातपाय असलेली, तिखट रश्शातली लालभडक तोक, टुणटुण उड्या मारत 'या, खा' म्हणणारी. मला तिचं कोण कौतुक! तोकनं उडी मारली, इकडे टोक उसळलं. पुन्हा उडी, पुन्हा टोक.

"अहो! ही माझी तोकच आहे! गेमच्या मागे लपून नाचतेय भवानी, सगळ्या खुर्च्यांवर!"

ह्यांनी लगेच खिडकी बनवणाऱ्याला फोन लावला. तो गावी गेलेला, सोमवारी येणार. "नुसतं चित्र काढता येत नाही," हे म्हणाले. "या खुर्चीवरची अख्खी खिडकी बंद करावी लागेल. म्हणजे काही मागवायचं तर तोंडानं."

आम्ही दोघांनी सेबोमकडे पाहिलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"घाबरू नकोस गं," मी घाईघाईनं म्हटलं. "मी न विचारता आणून ठेवत जाईन."

तिनं नाही म्हणून मान हलवली. ओठ घट्ट मिटले, गळ्याच्या शिरा ताठल्या. माझ्या तोंडात तिचा शब्द येऊन बसला होता, ह्यांनी माझं मनगट दाबलं म्हणून गप्प राहिले.

"ब... ब... बंद करा."

दोन वर्षांत माझ्याशी बोललेले पहिले शब्द!

शनिवारी रेघ भाताच्या खाचरातल्या पाण्यासारखी सपाट पडून होती. आणि तो आवाज! "मागे या. त्यांना वाटू दे आपण पळालो." पोरं मागे आली. "तेओ, तू लप. श्वाससुद्धा घेऊ नकोस." आणि तेओनं खरंच श्वास रोखला, मी पाहिलं. दुकानात कुणी खेळत नव्हतं, सगळे तिच्या पाठीशी उभे. वाडग्यांत राम्यॉन फुगून चालले होते. मी देवळात उभी राहते तशी हात जोडून उभी होते, आणि मला ते कळलंही नाही. जिंकली पोरं! तेओ तर रडलाच.

मग सगळ्यांना भुका लागल्या. पोरं आपापल्या खिडकीत बोटं दाबायला लागली. तेओ म्हणाला, "सेबोम, तुझं मी दाबतो. काय हवंय?"

ती उठून उभी राहिली. "इ... इमो!"

आता चित्र नव्हतं, वाहणारं काहीच नव्हतं, नुसती ती आणि मी.

"र... र... राम्यॉन. ए... एक. अं..." इथं फार वेळ लागला. डोळे घट्ट मिटले, मूठ वळली. मी संध्याकाळपर्यंत उभी राहिले असते. "अं... अंडं घालून."

"आणते हं, बाई," एवढंच कसंबसं म्हटलं आणि आत पळाले.

सोमवारी खिडकीवाला आला. तोक काढून टाकली, सगळं सुरळीत झालं. हे उत्साहानं सदतीस नंबरवरची खिडकी सुरू करायला गेले, तर सेबोमनं कीबोर्डवर हात ठेवला.

"र... राहू दे. मी सां... सांगेन."

हे गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मी ॲप्रनची कड डोळ्यांना लावली.

"ऐकलंत ना? मग व्हा बाजूला," मी म्हटलं. "पोरीला काय हवंय ते सांगू द्या."