पंख्याचं बटण

मंडळी, या गोष्टीतला सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. सगळी अडचण तिथेच आहे.

टाक्या बनवण्याच्या त्या कारखान्यात वेल्डिंगचा धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा होता. पण त्याच्या वाऱ्याने जोडात बारीक भोकं पडतात, माल परत येतो, म्हणून काम सुरू झालं की सुपरवायझर बटण बंद करायचा. "एवढ्याशा धुराने काय होतंय?" म्हणायचा आणि काचेच्या केबिनमध्ये जाऊन दार लावून घ्यायचा.

त्याचा मेव्हणा तिथेच वेल्डर होता. नोकरी यानेच लावून दिलेली, तीही जरा मिरवून.

"अहो, माझा भाऊ जिना चढताना मध्येच थांबतो," बायको म्हणाली.

"वजन वाढलंय त्याचं."

"पँट कमरेवरून घसरते त्याची, आणि म्हणे वजन! उद्या तुम्हीच त्याला दवाखान्यात न्या."

डॉक्टरीणबाईंनी मेव्हण्याला तीनदा नळीत फुंकायला लावलं. "छाती निम्मीच चालतेय. धुरातले बारीक कण आत जाऊन बसलेत. कारखान्यात धूर ओढणारा पंखा नाही?"

मेव्हण्याने भावोजींकडे ओझरतं पाहिलं. "आहे ना. दिवसभर चालू असतो."

सुपरवायझरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याचा श्वास आपण कोंडला, तोच आपली अब्रू झाकतोय!

"खोटं बोलतोय तो," तो कसाबसा म्हणाला. "पंखा मी बंद करतो. रोज."

बाईंनी आवाज चढवला नाही, तेच त्याला जास्त लागलं. "मग धूर ओढणारी नळी कामाजवळ आणा, वारा जोडावर येणार नाही. आणि जोडाला भोक पडलं तर पुन्हा भरता येतं, फुप्फुसाचं तसं नाही. याचं गेलं ते गेलं. उरलेलं जपा."

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "खोटं का बोललास?"

"तुमची नोकरी गेली असती, भावोजी. ताईने काय केलं असतं?"

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने सगळ्यांसमोर चूक कबूल केली. मान काही वर झाली नाही. पुढे प्रत्येक टेबलाशी नळ्या आल्या, मास्क आले, आणि वायरमनने जोडणीच अशी केली की पंखा फिरल्याशिवाय मशीन सुरू होत नाही.

मेव्हणा आता स्टोअर सांभाळतो. घराच्या जिन्यात तो थांबला की सुपरवायझरही थांबतो, वाकून उगाच चपलेचा पट्टा नीट करत बसतो.

मंडळी, हाताखालच्या माणसाचा श्वास ही आपलीच जबाबदारी आहे. उद्या कामावर गेलात की आधी पंख्याचं बटण दाबा.